पऱ्हाटीचे निरोप, अळीच्या नसा

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसावर टोबलेली सरकी चार-सहा दिवसांत वर येते आणि तिथून पुढे सहा-सात महिने पऱ्हाटी एकाच जागी उभी राहून सगळे सोसते: श्रावणातली झड, मधला पावसाचा खंड, तुडतुडे, अळ्या आणि तेलंगणात सर्वांत कडक पडणारी आदिलाबादची थंडी. तिला मेंदू नाही की नसा नाहीत. तरीही सूर्य कुठे आहे, मुळाशी पाणी साचले आहे का, पान कोणी कुरतडले का, हे तिला कळते आणि त्याप्रमाणे ती वागते. तिच्यावर जगणाऱ्या अळीला मात्र नसाही आहेत आणि संप्रेरकेही. गेल्या साठ वर्षांत या जिल्ह्यातल्या कापसाचे जे झाले, ते या दोन जीवांच्या संदेशयंत्रणेत माणसाने हात घातल्यामुळे झाले. झाडाच्या यंत्रणेत घातलेला हात बऱ्याच अंशी सफल ठरला. अळीच्या नसांवर केलेला मारा फसला, आणि त्याची झळ शेवटी फवारणाऱ्यालाच लागली.

आदिलाबाद हा निजामाच्या राज्यात १९०५ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार तुकडे पडले. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. आजच्या आदिलाबादेत राहिलेला भाग बहुतेक कापसाचा आहे. बेला, जैनथ, तामसी या नदीकाठच्या गावांत मराठी सर्रास बोलली जाते, उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. जमीन तीच, पीक तेच, किडी त्याच. सरकारे तेवढी वेगळी.

संकरित बियाणे येण्यापूर्वी इथे देशी कापूस होता. नांदेड-परभणीच्या पट्ट्यात तो गावरानी म्हणून ओळखला जाई. त्याची मुळे खोल, बोंडे लहान आणि खाली मान घातलेली, धागा आखूड. ज्वारी-तुरीच्या सोबतीने तो पेरला जाई, आणि घरची सरकी पुढच्या वर्षी बियाण्याला चाले. उत्पन्न बेताचेच, पण रस शोषणाऱ्या किडींना तो दाद देत नसे आणि पावसाचा ताण सहन करी. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात इथल्या राजगोंडांमध्ये राहून अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्या काळी गोंडांच्या शेतात मुख्य पीक ज्वारीचे होते. पुढे १९७० च्या दशकात तो परत आला तेव्हा ज्वारीच्या जागी विक्रीचा कापूस शिरत असल्याचे त्याला दिसले.

हा बदल घडवणारे बियाणे बाहेरून आले. १९७० मध्ये गुजरातेतील सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी कापूस संकर दिला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८० च्या दशकात आलेला एनएचएच-४४ हा संकर मराठवाड्यात आणि विदर्भात विशेष पसरला. या अमेरिकन जातीच्या संकरांना बोंडे मोठी आणि जास्त, धागा लांब. पण खत हवे, पाणी हवे, आणि त्यांच्या कोवळ्या पानांवर किडी तुटून पडत. देशी पऱ्हाटीला जे दुखणे क्वचित व्हायचे, ते आता दर हंगामाचे झाले. शेतकऱ्याला झाडाकडे आणि किडीकडे नव्याने पाहावे लागले, आणि त्याच सुमारास कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर संजीवके आणि कीटकनाशके शेजारी शेजारी येऊन बसली.

झाडाचे प्रतिसाद आधी पाहू. पऱ्हाटीची पाने दिवसभर सूर्यामागे वळतात. सकाळी पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे. देठाच्या वरच्या टोकाशी असलेल्या फुगीर सांध्यातील पेशींमध्ये पाणी कमी-जास्त होऊन हे घडते. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर १८८० मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात कापसाच्या रोपाचेही निरीक्षण आहे. गवताच्या कोंबाचे टोक झाकले तर कोंब उजेडाकडे वळत नाही, हे त्यांनी दाखवले. उजेड कळतो टोकाला आणि वाकतो मात्र खालचा भाग; म्हणजे मधून काहीतरी निरोप खाली जात असला पाहिजे. १९२६ ते १९२८ या काळात फ्रित्स वेंट या डच शास्त्रज्ञाने तो निरोप नेणारा पदार्थ ओटच्या कोंबाच्या टोकातून आगरच्या तुकड्यात उतरवून घेतला. त्याला ऑक्सिन म्हणतात. त्याच दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस लाजाळूच्या देठातून जाणारे विद्युत्‌संकेत मोजत होते आणि वनस्पतींना चेतायंत्रणा आहे असे ठामपणे मांडत होते. त्यांचा तो निष्कर्ष त्या रूपात टिकला नाही, कारण वनस्पतीत चेतापेशी सापडत नाहीत. विद्युत्‌संकेतांची मोजणी मात्र खरी होती. पान चावले गेले की कॅल्शियमची लाट पानापानांतून मिनिटा-दोन मिनिटांत धावत जाते, हे २०१८ मध्ये चमकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने डोळ्यांना दिसले. बोस काळाच्या पुढे होते असे म्हणण्याची आपल्याकडे फार हौस आहे. या एका बाबतीत ती हौस निराधार नाही.

पऱ्हाटीच्या बाबतीत शेतकऱ्याला सर्वांत जास्त छळणारा प्रतिसाद म्हणजे पातेगळ. कळी, म्हणजे पाते, दिसू लागल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी फूल उमलते. पहिल्या दिवशी ते पांढुरके-पिवळे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. मग बोंड धरते. पण जेवढी पाती लागतात त्यांतली निम्म्याहून जास्त पाती आणि कोवळी बोंडे गळून पडतात. हे रोग म्हणून घडत नाही, झाड स्वतः ती गाळते. पोसता येणार नाही एवढा भार ते ठेवत नाही. ढगाळ दिवस लागले की पानात साखर कमी बनते आणि गळ वाढते. पाऊस फुलात शिरला तर पाण्याने पराग फुटतात, बी धरत नाही, आणि बी नसलेले बोंड टिकत नाही. कारण वाढत्या बियांकडून येणारे ऑक्सिनच देठाच्या तळाला घट्ट धरून ठेवते. ते थांबले आणि एथिलीन वाढले की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर विरघळतो आणि बोंड खाली पडते. फूल उमलल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे. पंधरा दिवस ओलांडलेले बोंड सहसा गळत नाही.

एथिलीन हा वायू आहे, आणि वायू हे संप्रेरक असू शकते ही कल्पना पचायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्हला आढळले की दिव्याच्या गॅसच्या गळतीने प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात, आणि दोष गॅसमधल्या एथिलीनचा आहे. दुसरे संप्रेरक तर कापसातच सापडले. बोंडे का गळतात याचा शोध घेणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये पक्व बोंडांच्या टरफलांतून एक पदार्थ वेगळा केला. १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेडरिक ॲडिकॉट यांच्या गटाने कोवळ्या बोंडांतून दुसरा मिळवला. त्याचे आजचे नाव ॲब्सिसिक आम्ल, म्हणजे गळीचे आम्ल. गंमत अशी की गळीत त्याचा वाटा दुय्यम निघाला. त्याचे खरे काम वेगळेच आहे. काळी जमीन सुकून भेगाळू लागली की पऱ्हाटीत हे आम्ल वाढते आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात. ऑगस्टच्या खंडात कोरडवाहू पऱ्हाटी दुपारी मलूल होऊन सकाळी पुन्हा ताठ उभी राहते, त्यामागे पाण्याची ही काटकसर आहे. शोध गळीचा चालला होता आणि हाती ताणाचे संप्रेरक लागले. नाव मात्र चुकीचेच चिकटून राहिले.

खंडानंतर एकदम जोराचा पाऊस झाला की आदिलाबाद, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात आणखी एक प्रकार दिसतो: आकस्मिक मर. काल बोंडांनी लदलेली झाडे आज उकडल्यासारखी मान टाकतात. बुरशी नाही, जिवाणू नाही. चिकण काळ्या मातीत पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही. त्यांच्यात एथिलीनच्या आधीचा पदार्थ तयार होतो, पण त्याचे एथिलीन करायला प्राणवायू लागतो, तो तिथे नसतो. मग तो कच्चा पदार्थ पाण्याबरोबर वर चढतो आणि पानांत हवा मिळताच एथिलीन होतो. पाने खाली वळतात, पिवळी पडतात, गळतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची (स्थापना १९७६) यावरची शिफारस अशी की लक्षण दिसताच काही तासांच्या आत कोबाल्ट क्लोराइडचे अतिशय सौम्य द्रावण, दशलक्ष भागांत दहा भाग, फवारावे. कोबाल्टमुळे एथिलीन तयार करणारे विकर अडते. दुसऱ्या दिवशी उपयोग कमी, तिसऱ्या दिवशी जवळपास नाही. पाणी काढून देण्यासाठी चर खोदणे हा त्याहून जुना आणि स्वस्त इलाज.

गळ थांबवण्यासाठी शेतकरी वापरतो ते नॅफ्थॅलीन ॲसेटिक आम्ल, म्हणजे कृत्रिम ऑक्सिन. दहा लिटर पाण्यात चार-पाच मिलिलिटर, एवढ्यावरच त्याचे काम भागते, कारण देठाच्या बुडाला बोंडाकडून जो निरोप यायला हवा तोच बाहेरून दिला जातो. मात्रा दुप्पट केली तर फायदा दुप्पट होत नाही, उलट पाने वाकतात. दुकानात ‘टॉनिक’ या एकाच शब्दाखाली संजीवके, सूक्ष्म अन्नद्रव्ये, समुद्रशेवाळाचा अर्क आणि कधीकधी नुसते रंगीत पाणी विकले जाते. त्यातले ऑक्सिन कोणते, जिबरेलिन कोणते हे बाटली न वाचता कळत नाही, आणि दोन्हींचे काम वेगळे. जिबरेलिन खोड लांबवते. पेरे लांब होऊन पऱ्हाटी डोक्याच्या वर जाऊ लागली तर नेमके उलटे औषध लागते: मेपिक्वाट क्लोराइड, जे झाडाला जिबरेलिन बनवूच देत नाही.

यातले काही काम हाताने होते. शेंड्यातून खाली येणारे ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडला की तो दाब सुटतो आणि झाडाचा जोर उंचीऐवजी बोंडांकडे वळतो. बुडातून फुटणाऱ्या गळफांद्या कापून फळफांद्या राखण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात दादा लाड यांच्या नावाने पसरली आहे. बाटली न आणता केलेला हा संप्रेरकांचा वापरच आहे.

ऑक्सिनची एक दुसरी बाजूही या भागाने पाहिली आहे. १९४० च्या दशकात तयार झालेले टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे कृत्रिम ऑक्सिनच. झाड त्याला मोडू शकत नाही, म्हणून रुंद पानांचे तण वेडेवाकडे वाढून मरते. गवतवर्गी पिकांना ते चालते. कापूस मात्र त्याला कमालीचा हळवा आहे. शेजारच्या ज्वारीत किंवा उसात फवारलेले थेंब वाऱ्याने आले, किंवा तोच पंप न धुता पऱ्हाटीवर वापरला, तर पाने भेंडीच्या पानासारखी फाटून अरुंद होतात, शेंडा मुरडतो आणि पुढचे महिनाभर बोंड धरत नाही. पुष्कळदा याला विषाणूरोग समजून त्यावर आणखी एक फवारणी होते.

अळीने पान खाल्ले तर पऱ्हाटी काय करते, हे उशिरा कळले. जखमेजवळ जॅस्मोनिक आम्ल वाढते. पानांत आणि पात्यांत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांतील गॉसिपॉल हे कडवट विष नव्या पानांत जास्त बनते. पानाखालच्या मुख्य शिरेवर कापसाला मधाची एक ग्रंथी असते. तिचा रस वाढतो आणि मुंग्या येतात. शिवाय खाल्लेलीच नव्हे तर न खाल्लेली पानेही एक विशिष्ट वास सोडू लागतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असे दिसले की या वासावर परोपजीवी गांधीलमाश्या येतात, आणि कोणती अळी खात आहे त्यानुसार वास बदलतो. आपल्या कामाची अळी असलेले झाड गांधीलमाशी निवडून काढते. ती अळीच्या अंगात अंडी घालते. पऱ्हाटीने हाक मारून बोलावलेली ही कुमक फवारणीच्या पहिल्याच फेरीत मरत होती. १९८० नंतर दर हंगामाला फवारण्या वाढत का गेल्या, याचे एक कारण इथे आहे.

आता अळी. तिच्या शरीरात गाठीगाठींची चेतारज्जू पोटाच्या बाजूने जाते. चेतापेशीतून निरोप जातो तो विजेच्या स्पंदाने. पेशीच्या पटलातील सोडियमची दारे क्षणभर उघडतात, मिटतात, आणि स्पंद पुढे सरकतो. दोन पेशींमधली फट ओलांडताना रासायनिक दूत लागतो. हा दूत पहिल्यांदा पकडला गेला १९२१ मध्ये, ओटो लोवी यांच्या बेडकाच्या हृदयावरील प्रयोगात. हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना १९३६ चे नोबेल मिळाले. दूताचे नाव ॲसिटिलकोलिन. निरोप पोचला की एक विकर त्याला लगेच तोडून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा होते. हे विकर बंद पाडले तर निरोप थांबतच नाही. स्नायू थरथरत राहतात आणि मग लुळे पडतात. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्रेडर कीटकनाशक शोधता शोधता नेमक्या अशा संयुगांवर आला. त्यांतली सर्वांत जहाल युद्धाच्या विषारी वायूंत गेली, सौम्य शेतात आली. मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही या भागातल्या दुकानांतली परिचित नावे त्याच घराण्यातली.

वनस्पतींना स्वतःच्या नसा नाहीत, पण दुसऱ्याच्या नसांवर चालणारे विष बनवण्यात त्या फार जुन्या आहेत. शेवंतीच्या कुळातले पायरेथ्रम आणि तंबाखूतले निकोटिन ही दोन्ही माणसाच्या आधीपासूनची कीटकनाशके. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात मायकेल इलियट यांनी १९७० च्या दशकात पायरेथ्रमची उन्हात टिकणारी कृत्रिम रूपे तयार केली. ती डीडीटीप्रमाणेच सोडियमची दारे उघडी अडकवून ठेवतात. भारतात ती १९८० च्या सुमारास आली आणि सुरुवातीला त्यांचा परिणाम जादूसारखा होता. निकोटिनच्या धर्तीवरचे इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकात आले. सरकीला चोळलेला रंगीत लेप बहुधा त्याच्याच कुळातला असतो.

जादू फार दिवस चालली नाही. १९८७-८८ मध्ये किनारी आंध्रात, गुंटूर-प्रकाशम भागात, हिरव्या बोंडअळीने कापूस फस्त केला आणि पायरेथ्रॉइड फवारूनही ती मरेना. ज्या थोड्या अळ्यांत सोडियमच्या दाराचा आकार किंचित वेगळा होता, किंवा विष मोडणारी विकरे जास्त होती, त्या वाचल्या होत्या आणि पुढची पिढी त्यांचीच होती. डीडीटीच्या वापराने किडींमध्ये दाराचा हा बदल आधीच कुठे कुठे झाला होता, म्हणून नव्या औषधालाही त्या तयार होत्या. शेतकऱ्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे मिश्रण: दोन औषधे, मग तीन, आणि वरून टॉनिक. १९९७-९८ च्या हंगामात वरंगळ भागात कापूस बुडाला आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका सुरू झाली. अनेकांनी जे औषध अळीवर चालले नाही तेच स्वतः घेतले.

याच काळात आंध्रच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेला एक उपाय तेलंगणाच्या शेतांत दिसे, पण त्याची चर्चा कमी होते. पऱ्हाटी लहान असताना पाण्यात मिसळलेले औषध फवारायचे नाही, ब्रशने कोवळ्या खोडाला लावायचे. पेरणीनंतर वीस, चाळीस आणि साठ दिवसांनी हे केले की औषध रसाबरोबर पानांत चढते, रस शोषणारे तुडतुडे आणि मावा मरतात, हवेत काही उडत नाही आणि गांधीलमाश्या वाचतात. मेहनत जास्त, औषध कमी. मजुरी महागली तशी ही पद्धत मागे पडली.

किडीच्या नसांऐवजी तिच्या संप्रेरकांवर नेम धरण्याची कल्पनाही जुनी आहे. अळी कात टाकते ती एक्डायसोन या संप्रेरकामुळे, आणि कात टाकून पुन्हा अळीच राहायचे की कोष व्हायचे, हे दुसऱ्या, बाल-संप्रेरकाच्या प्रमाणावर ठरते. हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये ते एका मोठ्या पतंगाच्या पोटातून मिळवले. १९६० च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या कारेल स्लामाचे लाल ढेकूण प्रौढच होईनात. शोध घेता दोष डब्यात घातलेल्या अमेरिकन कागदाचा निघाला. ज्या फर वृक्षाच्या लगद्यापासून तो कागद बनला होता, त्यात बाल-संप्रेरकासारखा पदार्थ होता. १९६६ मध्ये सक्सेना आणि विल्यम्स यांनी तोच परिणाम भारतीय कापसावरच्या लाल ढेकण्यावर दाखवला. आदिलाबादेत फुटलेल्या बोंडांवर झुंडीने बसून सरकी शोषणारा आणि रुईला डाग पाडणारा कीडा तो हाच. आपल्याकडे या प्रकारचा सर्वांत सुलभ इलाज मात्र बांधावरच होता. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडीचे खाणे थांबवते आणि तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करते. पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. तो एका दिवसात अळ्यांचा सडा पाडत नाही, म्हणून बाटलीतल्या औषधापुढे फिका वाटतो.

मार्च २००२ मध्ये, झाडातच अळीसाठी विष तयार करणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातले विष नसांवर चालत नाही, अळीच्या आतड्याला भोके पाडते. काही वर्षे फवारण्या खरोखर घटल्या. मग गुलाबी बोंडअळी परतली. ही कीड शास्त्राला ज्ञात झाली तीच भारतातून: १८४३ मध्ये सॉन्डर्सने भडोचच्या कापसावरून तिचे वर्णन केले. पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नसल्याचे गुजरातेत २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ मध्ये दुसऱ्या पिढीचे बीटीही तिच्यापुढे निष्प्रभ झाल्याचे महाराष्ट्र-तेलंगणाच्या शेतांत दिसले. ती बोंडाच्या आत राहते, फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून राहिलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. आत अळी असल्याची ती खूण.

या अळीचे मर्म तिच्या मेंदूतल्या घड्याळात आहे. दिवस लहान होऊ लागले की मेंदू कात टाकण्याचा आदेश देणारे संप्रेरक सोडायचे थांबवतो. कार्तिक-मार्गशीर्षातल्या बऱ्याच अळ्या मग कोषात न जाता सरकीत, वाळल्या बोंडात, जमिनीत सुप्त पडून राहतात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन येतात. देशी कापसाच्या काळात हंगाम संपला की शेत रिकामे होई. आता ओलिताची सोय असलेला शेतकरी डिसेंबरनंतर पुन्हा पाणी देऊन फरदड घेतो, आणि पऱ्हाट्या जळणाला, कुंपणाला बांधावर रचून ठेवतो. अळीला खाणेही मिळते आणि झोपायला जागाही. फरदड न घेणे आणि पऱ्हाट्या वेळेत काढणे, हा या किडीवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि त्याला एकही औषध लागत नाही.

दुसरा उपाय गंधाचा. मादी पतंग रात्री हवेत सोडते तो गंध नराच्या मिशांवरील चेतापेशी अत्यल्प प्रमाणातही ओळखतात. रेशीमकिड्याचा असा गंध बुटेनांट यांनी १९५९ मध्ये सुमारे पाच लाख पतंगांपासून मिळवला. गुलाबी बोंडअळीचा कॅलिफोर्नियात १९७३ मध्ये ओळखला गेला. तो रबरी कुपीत भरून कामगंध सापळ्यात ठेवतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच फवारणीचा विचार करावा अशी शिफारस आहे. त्याच गंधाच्या दोऱ्या शेतभर बांधल्या तर नराला मादी सापडतच नाही. हा उपाय एका शेतापुरता केला तर वाया जातो, कारण शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडून येते; गावाने मिळून करावा लागतो.

२०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, त्याने विषयाची तिसरी बाजू उघडी केली. पऱ्हाटी त्या वर्षी दाट आणि माणसाच्या उंचीची झाली होती. पॉवर पंपाने फवारलेला तुषार झाडावरून थेट फवारणाऱ्याच्या तोंडावर येत होता, औषधांची मिश्रणे केली जात होती, अंगावर बनियन आणि तोंडाला फार तर रुमाल. जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. मळमळ, लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली, अंधुक दिसणे, दम लागणे: ॲसिटिलकोलिन तोडणारे विकर बंद पडल्याची ही लक्षणे आहेत. अळीच्या शरीरात ज्या विकरावर नेम धरला होता, तेच माणसाच्याही शरीरात आहे. उलट माणसाची अडचण जास्त. किडीचे स्नायू दुसऱ्या दूतावर चालतात, माणसाच्या श्वासाचे स्नायू मात्र थेट ॲसिटिलकोलिनवर. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन, आणि तो धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांतून येतो. सगळ्या औषधांना तो चालत नाही. त्या हंगामात वापरात असलेल्या डायफेन्थियुरॉनवर नेमका उताराच नाही.

किडीला दर हंगामात नव्या पिढ्या मिळतात. मोनोक्रोटोफॉस पहिल्यांदा बाजारात आले त्या १९६५ च्या अळीच्या वंशात आजवर शेकडो पिढ्या झाल्या आणि त्यातून ती बदलली. फवारणाऱ्या माणसाच्या घराण्यात त्याच काळात दोन-तीन पिढ्या झाल्या आणि त्याच्या नसा आहेत तशाच आहेत. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला. प्रोफेनोफॉस आणि ॲसिफेट त्याच विकरावर काम करतात, आणि त्यांची विक्री सुरू आहे.